मुदत

औषधाच्या पट्टीवर दोन तारखा असतात, एक निर्मितीची आणि दुसरी मुदतीची. पहिली ही घडून गेलेल्या गोष्टीची नोंद असते. दुसरी हे अजून न घडलेल्या गोष्टीविषयीचे विधान असते. दोन्ही एकाच शाईत आणि एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेल्या असल्याने हा फरक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती दुसरी तारीख ठरवण्याच्या खटाटोपात मी आयुष्याची सतरा वर्षे घालवली. साहित्याच्या वर्तुळातल्या स्नेह्यांना माझ्या कामाचे स्वरूप सांगू लागले की ते सौजन्याने ऐकून घेतात आणि विषय बदलतात. रसायनशास्त्र रूक्ष असते, हा समज त्यामागे असावा. वस्तुतः आमच्या खात्यात जे चाले ते त्यांच्या खात्याहून फार दूरचे नव्हते. एखादी गोष्ट टिकते म्हणजे तिच्यातले नेमके काय टिकते आणि जे टिकत नाही त्याचे पुढे काय होते, हेच आमचेही प्रश्न होते. फक्त आम्हांला उत्तर आकड्यांत द्यावे लागे आणि त्याखाली सही करावी लागे.

खात्याचे नाव 'स्टॅबिलिटी', म्हणजे स्थिरता. काम मात्र उलटे, औषधांना लवकर म्हातारे करण्याचे. त्यासाठी शीतकपाटासारख्या दिसणाऱ्या, काही तर खोलीएवढ्या मोठ्या पेट्या असतात. त्यांना आम्ही चेंबर म्हणत असू. एका चेंबरमध्ये २५ अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता, दुसऱ्यात ३० अंश आणि ७५ टक्के, तिसऱ्यात ४० अंश आणि ७५ टक्के. बाजारात जायच्या त्याच वेष्टनात गोळ्या आत ठेवायच्या आणि ठरावीक महिन्यांनी थोड्या बाहेर काढून तपासायच्या. याला 'पुलिंग' म्हणत. तिसरा महिना, सहावा, नववा, बारावा. मग अठरावा, चोविसावा, छत्तिसावा. ४० अंशांचे दार उघडले की चष्म्यावर वाफ धरे आणि क्षणभर काही दिसत नसे. त्या चेंबरचे वास्तव्य सहा महिन्यांचेच असे. तिथे औषध सहा महिने नीट राहिले, तर बाहेरच्या जगात ते दोन वर्षे नीट राहील असे तात्पुरते गृहीत धरता येते. सावकाश चालणाऱ्या चेंबरमधली प्रत्यक्ष दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पुष्कळदा औषध दुकानात पोचलेले असते. पट्टीवरची तारीख म्हणजे, निदान पहिल्या काही वर्षांत, असे एक अनुमान असते.

या अनुमानाला आधार आहे तो स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस याच्या १८८९ मधल्या समीकरणाचा. आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे विघटन किती वेगाने होते याचा अभ्यास करताना त्याने तापमान आणि रासायनिक प्रक्रियेचा वेग यांचे नाते मांडले. हे नाते सरळ रेषेतले नसते. तापमान थोडे वाढले तरी वेग पुष्कळ वाढतो. दहा अंशांना दुप्पट, असा ढोबळ ठोकताळा सांगतात, पण तो सर्वत्र लागू पडत नाही. याच्यातून निघणारी एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. औषधाच्या दृष्टीने वर्षाचे सारे दिवस सारखे नसतात. वर्षाचे साधे सरासरी तापमान काढून भागत नाही. वैशाखातला एक आठवडा पौषातल्या कित्येक आठवड्यांवर भारी पडतो. म्हणून आमच्या शास्त्रात उष्ण काळाला जास्त वजन देणारी एक वेगळी सरासरी वापरतात. माणसांच्या आठवणीही कदाचित अशाच सरासरीने बनत असतील, पण तो माझा प्रांत नव्हे.

आता हवामानाचा प्रश्न येतो, आणि त्याच्याबरोबर थोडे राजकारणही. १९७२ मध्ये फुचर आणि शूमाखर या जर्मन अभ्यासकांनी औषधांच्या साठवणुकीच्या दृष्टीने जगाचे चार हवामान-पट्टे पाडले. समशीतोष्ण, भूमध्यसागरी, उष्ण-कोरडा आणि उष्ण-दमट. पुढे युरोप, अमेरिका आणि जपान यांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये जे संयुक्त मार्गदर्शक नियम केले ते पहिल्या दोन पट्ट्यांपुरते, म्हणजे स्वतःपुरते होते. त्यांची 'नेहमीची' परिस्थिती २५ अंश आणि ६० टक्के. ४० अंश ही त्यांच्या लेखी छळाची परिस्थिती होती. उष्ण-दमट पट्ट्याचे आणखी दोन भाग करून अतिदमट प्रदेशांसाठी ३० अंश आणि ७५ टक्के हे मान जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारले ते २००५ साली. चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या माणसाला यातले हसू कळेल. प्रयोगशाळेत जी 'त्वरित जरा' म्हणून ओळखली जाते ते तिथले मे महिन्यातले दुपारचे हवामान असते, किंबहुना त्याहून सौम्य. आणि 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' ही सूचना आषाढात रत्नागिरीतल्या कौलारू घरात कुठे पाळायची, हे छापणाऱ्याने सांगितलेले नसते. जाता जाता एक नोंद. याच अऱ्हेनियसने १८९६ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वीचे तापमान किती वाढेल याचे गणित मांडले होते. त्याच्या पहिल्या समीकरणावर आम्ही मुदती काढतो आणि दुसऱ्यामुळे त्या बदलाव्या लागतील अशी चिन्हे आहेत.

औषध बिघडते म्हणजे काय होते, हे ॲस्पिरिनच्या उदाहरणाने सर्वांत सोपे समजते. ॲस्पिरिनच्या रेणूला पाणी भेटले की तो दुभंगतो. एक तुकडा सॅलिसिलिक आम्लाचा, दुसरा ॲसिटिक आम्लाचा. ॲसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधला आंबट घटक; म्हणून जुन्या ॲस्पिरिनची बाटली उघडली की व्हिनेगरचा वास येतो. यासाठी गोळी भिजावी लागत नाही, हवेतला ओलावा पुरतो. चित्रपटांच्या संग्रहालयांत काम करणाऱ्यांना हाच वास वेगळ्या कारणाने परिचित असतो. सेल्युलोज ॲसिटेटची जुनी रिळे अगदी याच रीतीने ओलाव्याने तुटतात आणि तेच आम्ल बाहेर टाकतात. त्या रोगाला व्हिनेगरचेच नाव आहे. आणि आपल्या जुन्या ग्रंथसंग्रहांतली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली पुस्तके, ज्यांचे पान दुमडले की कोपरा हातात येतो? कागदावर शाई फुटू नये म्हणून त्या काळी जी तुरटी आणि राळ वापरीत, तिच्यातून आम्ल तयार होते आणि ते कागदाच्या तंतूंचे असेच तुकडे पाडते. अमेरिकेत विल्यम बॅरो या माणसाने १९५० च्या दशकात कागद भट्टीत घालून त्याचे आयुष्य मोजण्याचा प्रयत्न केला. १०० अंशांवर ७२ तास म्हणजे सुमारे २५ वर्षे, असा त्याचा हिशेब होता. आमच्या चेंबरांचेच हे भावंड म्हणायचे. साहित्याच्या अभ्यासकांनी ज्या पानांवर आयुष्य काढले ती पाने आणि माझ्या गोळ्या एकाच कारणाने मरत होत्या, हे मला कळले तेव्हा आमच्यातले अंतर मला तरी कमी झाल्यासारखे वाटले.

पण 'मरत होत्या' हा शब्दप्रयोग रसायनशास्त्राला मान्य होणार नाही. तिथे काही नाहीसे होत नाही. शंभर मिलिग्रॅम औषधातले पाच मिलिग्रॅम कमी झाले, तर ते पाच दुसऱ्या कोणत्या तरी रूपात तिथेच असले पाहिजेत, किंवा वायुरूपाने निघून गेले असले पाहिजेत. उरलेले औषध आणि त्याच्यापासून झालेले पदार्थ यांची बेरीज पहिल्या दिवसाच्या आकड्याशी जुळावी लागते. याला वस्तुमानाचा ताळेबंद म्हणता येईल. उरलेल्या औषधाच्या मापनाला आम्ही 'ॲसे' म्हणत असू. इंग्रजीतला हा 'ॲसे' आणि आपण ज्याला निबंध म्हणतो तो 'एसे' हे दोन्ही शब्द एकाच जुन्या फ्रेंच शब्दातून आलेले आहेत. पारखणे, कस लावून पाहणे, हा दोहोंचा मूळ अर्थ.

ही पारख करण्यासाठी आधी पद्धत बनवावी लागते, आणि पद्धत बनवण्यासाठी औषधाचे हाल करावे लागतात. ते आम्लात ठेवायचे, अल्कलीत ठेवायचे, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवायचे, तापवायचे, प्रखर प्रकाशाखाली ठेवायचे. ते ज्या ज्या रीतीने तुटू शकेल त्या साऱ्या रीतींनी थोडे थोडे तोडून पाहायचे आणि मग आपले यंत्र हे सारे तुकडे मूळ औषधापासून वेगळे दाखवू शकते की नाही याची खात्री करायची. यंत्र म्हणजे बहुधा एचपीएलसी. द्रावण एका बारीक कणांनी भरलेल्या नळीतून दाबाने जाते, प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर त्याचा एक सुळका उमटतो. एका सुळक्याखाली दोन पदार्थ दडलेले असू शकतात. एखादा पदार्थ दिव्याचा प्रकाश शोषतच नसेल तर त्याचा सुळका उमटतच नाही. तो नळीतून बाहेर पडतो, पण यंत्राच्या लेखी तो नसतो.

याचा एकदा मला प्रत्यक्ष अनुभव आला. मी तेव्हा ज्या कारखान्यात होते तिथे एका नव्या गोळीचा ४० अंशांवरचा तिसरा महिना तपासून झाला. आरंभी ९९.६ टक्के असलेले औषध ९४.८ वर आले होते. मर्यादा ९० ची, त्यामुळे निकाल 'योग्य'. घट ४.८ ची, ती ५ झाली असती तर नियमांच्या भाषेत तिला 'लक्षणीय बदल' म्हणावे लागले असते आणि पुढची सारी गणिते बदलली असती. विघटनातून झालेल्या पदार्थांची बेरीज मात्र ०.९ टक्का. म्हणजे ३.९ टक्क्यांचा पत्ता नव्हता. मी तसे लिहून दिले. वरिष्ठांचे म्हणणे सरळ होते. दोन्ही आकडे मर्यादेत आहेत, कुठलाही नियम मोडलेला नाही, मोजमापात एवढी तेवढी चूक असायचीच, सही करा. मी सही केली नाही. तीन आठवडे माझ्या मेजावर तो कागद पडून होता आणि त्या तीन आठवड्यांत माझ्याशी जेवणाच्या सुट्टीत बोलणारी माणसे कमी झाली. शेवटी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत, रेणूचे वजन मोजणाऱ्या यंत्रावर, तो हरवलेला तुकडा सापडला. ओलाव्याने रेणूचा एक बाजूचा भाग सुटून वेगळा होत होता आणि त्याच्यात प्रकाश शोषणारा असा गटच नव्हता. तुकडा निरुपद्रवी निघाला. पण ओलावा आत येत होता, एवढे त्यावरून सिद्ध झाले. पारदर्शक प्लास्टिकचे वेष्टन जाऊन दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे आले, खर्च वाढला आणि गोळी बाजारात जायला आठ महिने उशीर झाला. त्या वर्षीच्या माझ्या मूल्यमापनात 'सहकार्याची वृत्ती कमी' असा शेरा आहे. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आपल्याकडे औषधाच्या मुदतीचा विचार नवा नाही. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या शार्ङ्गधरसंहितेत, अगदी आरंभीच्या भागात, कोणते औषध किती काळ वीर्यवान राहते याची मोजणी आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका आणि अवलेह यांना एक वर्ष. आसव, धातू आणि रस मात्र जुने होतील तसे अधिक गुणकारी मानले आहेत. चूर्णाचा काळ सर्वांत कमी असावा हे आमच्या शास्त्रालाही पटते, कारण पदार्थ जितका बारीक तितका त्याचा हवेशी आणि ओलाव्याशी संबंध अधिक. पण या विचारात औषध आपले सामर्थ्य गमावते, एवढेच आहे. ते दुबळे होते, निराळे होत नाही. आधुनिक काळातही सर्वसाधारण माणूस असेच मानतो. मुदत संपलेली गोळी म्हणजे थोडी कमी लागू पडणारी गोळी.

बहुतेक औषधांच्या बाबतीत ते खरेही आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या औषधसाठ्यांची मुदत वाढवता येते का हे पाहण्यासाठी १९८६ पासून तपासणी चालवली. २००६ मध्ये तिचे जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत १२२ औषधांचे ३००५ लॉट होते. त्यांतल्या ८८ टक्के लॉटांची मुदत वाढवता आली आणि ही वाढ सरासरी ६६ महिन्यांची होती. २०१२ मध्ये तर मुदत उलटून २८ ते ४० वर्षे झालेली, एका दुकानात मूळ बंद वेष्टनात सापडलेली औषधे तपासली गेली, आणि मोजलेल्या १४ घटकांपैकी १२ घटक ९० टक्क्यांहून अधिक शिल्लक होते. न टिकलेल्या दोहोंत ॲस्पिरिन होते, हे आता वाचकाला अनपेक्षित वाटू नये. या आकड्यांवरून कारखानदार मुद्दाम लवकरच्या तारखा छापतात असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पाच वर्षे टिकणारी गोळी दोन वर्षांची मुदत घालून विकण्यात विकणाऱ्याचे नुकसान नसते. पण तो साठा नियंत्रित तापमानात, बंद वेष्टनात होता. चंद्रपूरच्या पत्र्याच्या दुकानात नव्हता.

निराळे होण्याचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत टेट्रासायक्लीन देतात. १९६३ मध्ये अमेरिकेत जुने झालेले टेट्रासायक्लीन घेतलेल्या काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रसिद्ध झाले. औषधाच्या विघटनातून झालेला एक पदार्थ त्याला कारण होता, आणि कॅप्सूलमध्ये पूरक म्हणून घातलेल्या सायट्रिक आम्लाने त्या विघटनाला हातभार लावला होता. ते आम्ल काढून टाकले गेले आणि प्रश्न बराचसा मिटला. आमच्या शिक्षणाच्या काळात ही एक जुनी, जवळजवळ पौराणिक गोष्ट म्हणून सांगितली जाई. असे काही पुन्हा होणार नाही, कारण आता आपल्याकडे पद्धती आहेत, असा तिचा समारोप असे.

मग रॅनिटिडिन आले. किंवा ते होतेच, आम्हांला उशिरा दिसले. ग्लॅक्सो कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेले हे आम्लपित्तावरचे औषध काही काळ जगात सर्वाधिक खपाचे होते. आपल्याकडे तर ते घरोघरी होते. चिपळूणला माझी आई ते वीस वर्षे घेत होती. सकाळी एक, रात्री एक, दीडशे मिलिग्रॅमची. २०१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतून बातमी आली की या गोळ्यांत एनडीएमए नावाचा पदार्थ सापडला आहे, ज्याची गणना मानवात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत होते. त्याआधी वर्षभर रक्तदाबाच्या काही औषधांतही तो सापडला होता, पण तिथे तो कारखान्यातल्या प्रक्रियेतून, बाहेरून आलेला होता. इथे तो आतून येत होता. रॅनिटिडिनच्या रेणूत एका टोकाला डायमिथिलअमाइनचा गट आहे आणि दुसरीकडे नायट्रोचा. एनडीएमए घडायला लागणारी दोन्ही द्रव्ये त्या रेणूतच होती. पट्टीत पडल्या पडल्या, काळ जाईल तसा आणि उष्णता वाढेल तसा, तो फार थोड्या प्रमाणात तयार होत होता.

चाळीस वर्षे हे कोणालाच कसे दिसले नाही, असे मला अनेकांनी विचारले. उत्तर आकड्यांत आहे. औषधाच्या रोजच्या मात्रेच्या ०.१ टक्क्यापर्यंतचा विघटनजन्य पदार्थ आमच्या नियमांनुसार अहवालात नोंदवण्याचीही गरज नसते. तीनशे मिलिग्रॅमचा ०.१ टक्का म्हणजे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजेच तीन लाख नॅनोग्रॅम. एनडीएमएसाठी ठरवलेली मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम आहे. आमची चाळण गरजेपेक्षा तीन हजार पटींनी जाड होती. ज्यांनी ज्यांनी या गोळ्यांच्या अहवालांवर 'योग्य' म्हणून सह्या केल्या त्यांनी नियम तंतोतंत पाळले होते. आमच्या कारखान्यात रॅनिटिडिन होत नसे. होत असते तर त्या अहवालावर माझीही सही असती, आणि ताळेबंदही जुळलेला असता. दोन-चारशे नॅनोग्रॅमची उणीव कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

या प्रकरणाला आणखी एक पेच आहे, आणि तो मला सर्वांत विचार करायला लावतो. ज्या प्रयोगशाळेने ही गोष्ट प्रथम उघड केली तिच्या पहिल्या मोजणीत एका गोळीत तीस लाखांहून अधिक नॅनोग्रॅम एनडीएमए आढळला होता. पण त्या पद्धतीत नमुना १३० अंशांवर तापवला जाई. म्हणजे मोजण्याच्या क्रियेतच तो पदार्थ घडत होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कमी तापमानाची पद्धत वापरली तेव्हा आकडे कितीतरी खाली आले. पण शून्यावर आले नाहीत. साठवणुकीत ते वाढतात, आणि तापमान वाढले की अधिक वाढतात, हे त्याच प्रशासनाच्या चाचण्यांत दिसले, आणि १ एप्रिल २०२० रोजी त्याने सर्व रॅनिटिडिन बाजारातून काढायला सांगितले. आरोप अतिशयोक्त होता आणि आरोपी निर्दोषही नव्हता. पुढे २०२१ मध्ये निरोगी माणसांवरच्या एका प्रयोगात गोळी पोटात गेल्यावर एनडीएमए वाढत नाही असे दिसले. म्हणजे प्रश्न उरला तो फक्त गोळी पोटात जाण्याआधीच्या काळाचा, पट्टीतल्या दिवसांचा. हा माझ्या खात्याचा प्रश्न होता.

भारतात तेव्हा बंदी आली नाही. २०२२ च्या सप्टेंबरात अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून रॅनिटिडिन वगळले गेले, एवढेच. मी मात्र आईला २०१९ च्या दिवाळीतच सांगितले. ती म्हणाली, "अगं, वीस वर्षं घेतेय, काही झालं का मला?" याला माझ्याजवळ प्रामाणिक उत्तर नव्हते. ९६ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवताना जो धोका धरतात तो सत्तर वर्षे रोज घेतले तर लाखात एकाला, असा असतो. तिच्या गोळ्यांत किती होते हे कोणी मोजलेले नाही. त्या गोळ्या चिपळूणच्या पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या फडताळात, पट्टीतून सोडवून एका स्टीलच्या डबीत ठेवलेल्या असत. कुठल्याही चेंबरमध्ये ही परिस्थिती कोणी तपासलेली नाही. मी तिला फॅमोटिडिनवर आणले. "ही तरी बरी आहे का?" या तिच्या दुसऱ्या प्रश्नाला मी "आज जेवढं कळतं त्यावरून, हो" असे म्हणाले. तिला ते उत्तर आवडले नाही. ते खरे होते, पण सतरा वर्षांच्या नोकरीनंतर मलाही ते फारसे आवडले नाही.

रॅनिटिडिनची चर्चा झाली की केवळ दुबळ्या होणाऱ्या औषधांचे विस्मरण होते, हे मला बरोबर वाटत नाही. शार्ङ्गधराच्या 'हीनवीर्य' या शब्दात भय वाटण्यासारखे पुरेसे आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वीज जाते, शीतकपाट बंद पडते, पेटी उन्हात राहते, आणि औषधाचे सामर्थ्य गुपचूप कमी होते. द्रव तसाच स्वच्छ दिसतो. त्यात विष काही तयार झालेले नसते. नर्स इंजेक्शन देते आणि रक्त थांबत नाही. २०१८ मध्ये दहा देशांतल्या, भारतातल्याही, सुमारे तीस हजार स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उष्णतेत टिकणारे कार्बिटोसिन हे औषध ऑक्सिटोसिनइतकेच लागू पडते असे त्यातून दिसले. ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ते तीन वर्षे टिकते. रेणूत केलेले काही बारीक बदल, एवढाच दोघांतला फरक. माझ्या क्षेत्रात मला आदर वाटावा अशा ज्या मोजक्या गोष्टी घडल्या त्यांत मी हिची गणना करते.

दुसरी गोष्ट पोलिओ लसीच्या कुपीवरच्या चिन्हाची. पल्स पोलिओच्या केंद्रावर गेलेल्या कोणीही ते पाहिले असेल, पण वाचले असेलच असे नाही. जांभळट वर्तुळात एक फिकट चौकोन. १९९६ पासून तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर ते आहे. चौकोनातले रसायन उष्णता लागेल तसे गडद होत जाते, आणि ते मागे येत नाही. कुपी एक तास उन्हात राहिली तर तेवढे, आठवडाभर सावलीत राहिली तर तेवढे, सारे त्यात साचत जाते. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यायची. अंगणवाडीच्या ताईला अऱ्हेनियस माहीत असण्याचे कारण नाही. पण कारखान्यापासून आपल्या हातापर्यंत त्या कुपीवर काय गुदरले ते ती एका दृष्टिक्षेपात वाचू शकते. छापील तारखेला हे जमत नाही. कुपी कुठून कशी आली याच्याशी तिला कर्तव्य नसते.

प्रत्येक पट्टीवर असा चौकोन का नाही, असे मी एका सभेत विचारले होते. खर्च, हे उत्तर मिळाले, आणि ते खोटे नव्हते. प्रत्येक औषध आपापल्या वेगाने तुटते, प्रत्येकासाठी वेगळा चौकोन लागेल. ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे तीनशे प्रमुख ब्रँडांच्या वेष्टनावर संकेतचिन्ह छापणे बंधनकारक झाले. फोनने ते वाचले की बॅच आणि मुदत कळते. पण औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक दोनच गोळ्या मागते, पुष्कळदा तेवढेच परवडते म्हणून. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक जपून शेवटपर्यंत ठेवावे अशी चांगल्या दुकानदारांची रीत आहे, म्हणजे उरलेल्या गोळ्यांची मुदत त्याला कळते. गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तो तुकडा नुसताच चकचकीत असतो. त्याच्यावर नावाचा अर्धा भाग असतो, तारीख नसते.